बांधाच्या आतली मारांडी

मारांडीचे मूळ मी ओळखले होते. चिखलाच्या गोळ्यातून ते बाहेर डोकावत होते: पांढुरके, बोटाएवढे जाड, पेरापेरांवर बारीक कोंब धरलेले. ते उपटून खाडीकडे भिरकावायला कितीसा वेळ लागला असता? मी ते तसेच राहू दिले आणि गोळा पुढच्या माणसाच्या हाती दिला. त्यानंतरही तसेच कितीतरी गोळे मी पुढे दिले. ही गोष्ट मी अनेक वर्षे कोणालाही सांगितली नाही, पत्नीलाही नाही. उलट त्याच वर्षांत गाव मला भला माणूस म्हणू लागले, आणि ते मी खाली मान घालून ऐकून घेत राहिलो.

आमचे गाव पेणच्या खाडीकाठी आहे. आमची भातशेते भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर आहेत आणि मातीचा एक लांबलचक बांध त्यांना खाडीपासून राखतो. बांधात एक उघाडी आहे, म्हणजे लाकडी झडपेचे दार. ओहोटीला ते उघडून शेतातले जास्तीचे पावसाचे पाणी बाहेर सोडायचे आणि भरती लागण्याआधी बंद करायचे. हे काम चुकले तर खारे पाणी आत शिरते आणि त्या वर्षीचे भात जाते. बांधाच्या बाहेर चिखलात तिवरे आणि मारांडी माजलेली असते. मारांडीची पाने जाड, तुकतुकीत, कडेला करवतीसारख्या काट्यांची. फुले निळी-जांभळी, दिसायला देखणी. बांधाच्या बाहेर ती उपकारक आहे, कारण तिची मुळे चिखल घट्ट धरून ठेवतात. तीच बांधाच्या आत आली की शेत खाते. वरून कापली तर खालून दुप्पट फुटते, कारण तिचा जीव पानांत नसतो. जमिनीखाली आडव्या धावणाऱ्या मुळांत असतो.

ही उघाडी सांभाळण्याचे काम माझ्या वडिलांकडे होते. मी तरुणपणीच धाटावच्या एका रासायनिक कंपनीत लागलो, रोह्याला बिऱ्हाड केले आणि शिफ्टच्या वेळापत्रकाने जगू लागलो. गावी यायचो ते सुट्टीच्या दिवशी, मोटारसायकलवरून, पाहुण्यासारखा.

आमच्या शेताला लागून ज्याचे शेत आहे तो माझा बालपणीचा सोबती. माझ्याहून थोडा मोठा, म्हणून मी त्याला लहानपणापासून भाई म्हणतो. त्यांच्या घराण्याची शेती आणि व्यापार पिढ्यान्‌पिढ्या याच काठावर. मी धाटावला गेलो त्याच सुमारास तो आखातात गेला. चाळिशी ओलांडल्यावर तो परत आला, आणि पहिल्याच भेटीत बांधावर उभा राहून म्हणाला, "ह्या शेतानं घराला वर्षाचा तांदूळ दिला ना, तर मी पुन्यांदा इमानात पाय ठेवायचा नाय. भाभीला तुझ्या तसं वचन दिलंय मी."

"आणि नाय दिला तर?" मी विचारले.

"तर मग जायला लागंल. पण देईल रे. का देनार नाय?"

वडिलांना तो, साऱ्या गावासारखाच, काका म्हणत असे. परत आल्यापासून तो रोज त्यांच्या मागे बांधावर फिरू लागला. वडिलांनी त्याला उघाडीची झडप कशी बसवायची ते शिकवले, खेकड्यांची बिळे कुठे धोक्याची ते शिकवले. नालीतले पाणी ओंजळीत घेऊन जिभेवर धरायचे आणि खारेपणा पारखायचा, हेही शिकवले. एका सुट्टीच्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा दोघे उघाडीपाशी बसले होते. वडील पाणी चाखून थुंकले, मग त्याने चाखले आणि तोंड वेडेवाकडे केले. वडील हसले. मोठ्याने, मान मागे टाकून हसले. माझ्याबरोबर ते असे कधी हसल्याचे मला आठवेना.

मी जवळ जाऊन म्हटले, "मलाही बघू द्या."

वडील म्हणाले, "तुझी जीभ कंपनीच्या धुरानं मेली. तुला काय कळनार हाय?"

ते विनोदाने म्हणाले होते. भाईसुद्धा हसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, असं नका बोलू, तो रागावंल." मला वडिलांच्या बोलण्यापेक्षा त्याच्या त्या समजूतदारपणाचा अधिक राग आला. रोह्याला परतताना साऱ्या वाटेत मी मनाशी एकच हिशेब मांडत होतो: पगार आणून देणारा मी, औषधे आणणारा मी, आणि हसणे मात्र त्याच्या वाट्याला.

वडील गेल्यावर गावाने उघाडी कोणाकडे द्यायची याची चर्चासुद्धा केली नाही. ती भाईकडे गेली. मला कोणी विचारले नाही, आणि कोणी विचारले असते तरी मी नाहीच म्हणालो असतो. रोह्याला राहून उघाडी सांभाळता येत नाही. तरीही ती आपल्या घरातून गेली, आपल्याला न विचारता गेली, हा सल मी जपून ठेवला. मत्सराला कारण पुरेसे असावे लागत नाही. मिळेल त्या कारणावर तो पोसला जातो.

पुढच्या एका पावसाळ्यात उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पाडली. भाईच्या शेतासमोरच बांध फुटला. असे झाले की दर घरातून एक माणूस बांधावर जातो आणि ओहोटीच्या अवधीत रांग धरून चिखलाचे गोळे हातोहात पोहोचवत खांड बुजवली जाते. पूर्वी अख्खे गाव लोटायचे. त्या दिवशी निम्मी पोरे डोलवीच्या कारखान्यात शिफ्टला होती आणि रांग विरळ होती. मी सुट्टीवर होतो, म्हणून गेलो. चिखल कापायचे काम माझ्याकडे आले. भाई खांडीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून गोळे रचत होता.

चिखल कुठून घ्यायचा याचा आमच्याकडे नियम आहे. उघड्या, झाडझुडूप नसलेल्या जागेचाच घ्यायचा. लांब जावे लागले तरी चालेल. मारांडीच्या बेटाखालचा कधीच घ्यायचा नाही, कारण मुळाचा एक तुकडासुद्धा बांधातून आत फुटतो. सुरुवातीला मी उघड्या जागेचाच चिखल कापत होतो. मग रांगेतला एक म्हातारा माझ्याकडे बघत म्हणाला, "काका आज असते तर त्यांना बरं वाटलं असतं. लेक कंपनीत गेला, पन चेला बांधावर हाय."

"लेकपन आलाय की आज," दुसरा कोणी म्हणाला.

"आलाय, आलाय. रजा हाय आज त्याची."

रांग हसली. खांडीतून भाई ओरडला, "ए, त्याला काय बोलू नका. तो नसता तर आज चिखल कोन कापनार होता?"

पुन्हा तो समजूतदारपणा. भरती पुन्हा लागायची वेळ जवळ येत होती, आणि मारांडीचे बेट उघड्या चिखलापेक्षा खांडीच्या जवळ होते. मी तिकडे सरकलो. पहिला गोळा कापला तेव्हाच मुळे दिसली. पुढे स्वतःची समजूत घालण्यासाठी मी असंख्य वेळा म्हटले, की घाई होती म्हणून तसे झाले. घाई खरी होती. परंतु मी ते घाईने केले नाही. मुळाकडे पाहून मी एक क्षण थांबलो होतो, आणि त्या क्षणात माझ्या मनात जे आले ते हे: फुटू दे, मग बघू चेल्याला किती कळते.

खांड भरली. भाईने चिखलाने माखलेल्या हातांनी मला मिठी मारली.

भातकापणीनंतर काही महिन्यांनी, उन्हाळा तोंडावर असताना, त्याने मला शेतावर बोलावले. बांधाच्या पायथ्याशी ओलसर कोपऱ्यात कोवळी रोपे उगवली होती. मारांडीचे कोवळे पान फसवे असते. त्याला बऱ्याचदा काटे नसतात, असले तरी मऊ असतात. त्यामुळे ती ओळखण्याची खरी खूण पानात नाही. रोप ओढून पाहावे. वर्षभराचे तण मुळासकट हातात येते. मारांडी मातीच्या पातळीला तुटते आणि खाली काहीतरी जाड, आडवे अडकून राहते. मी ओढून पाहिले. ती तुटली.

"मारांडी तर नाय ना रे?" भाईने विचारले. "काकांनी मला आत उगवलेली कधी दाखवली नाय. मला तर भ्याच वाटतंय."

त्याने मला विचारले होते. वडिलांनंतर पहिल्यांदाच या काठावरचे काही त्याला ठाऊक नव्हते आणि ते मला ठाऊक होते. मला किती सुख झाले, हे लिहितानाही लाज वाटते. मी म्हणालो, "बांधाच्या आत मारांडी कुठून येणार? कोळसुंदा आहे हा." कोळसुंदाही काटेरी, त्यालाही जांभळी फुले, तोही शेताच्या ओल्या कडेला उगवतो, पण तो साधे तण आहे, नांगराखाली गेला की संपतो. फरक सोपा आहे. कोळसुंद्याचे पान लांबट, खरबरीत असते आणि काटे खोडाच्या पेरांभोवती कडे करून बसतात. मारांडीचे पान रुंद, मेण लावल्यासारखे तुकतुकीत. भाईच्या तळहातावर ते तुकतुकीत पान होते आणि मी त्याला कोळसुंदा सांगत होतो.

"मग टिलर घालू?"

"घाल की."

"तू म्हणतोस तर घालतो," तो म्हणाला आणि निश्चिंतपणे हसला.

पावसाआधी त्याने पॉवर टिलर फिरवला. मारांडीवर टिलर फिरवणे म्हणजे तिची लागवड करणेच. पात्यांनी मुळांचे तुकडे केले आणि साऱ्या शेतात पसरवले. प्रत्येक तुकड्याला कोंब होताच. भात निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या वेळी बांधापासून आतपर्यंत हिरवीगार, काटेरी झुडपे भातातून वर आली होती. कापणीला गेलेल्या बायकांचे हात सोलवटले. भाभींनी, म्हणजे भाईच्या पत्नीने, विळा खाली टाकून विचारले, "हा कुठचा कोलसुंदा? मी काय कधी कोलसुंदा बघितला नाय?"

भाई माझ्याकडे वळला. मी म्हणालो, "माझीही चूक झाली ओळखताना." तो लगेच म्हणाला, "होतं रे. कोवळं होतं ते." दुसरे खोटे पहिल्यापेक्षा सोपे गेले.

त्यानंतरच्या वर्षांत आम्ही मारांडीचे जे काही केले ते सांगतो, कारण कोणाला तरी उपयोग होईल. पहिल्यांदा भाईने कोयत्याने कापली. ती दाट फुटली. मग कोणाच्या सांगण्यावरून फवारणी केली. पाने करपून गळली, आणि थोड्याच दिवसांत त्याच बुडख्यांना नवी पाने आली. शेताच्या कडेच्या तळ्यात त्याने जिताडे मासे सोडले होते, त्यांच्या भीतीने फवारणी त्याने पुन्हा केली नाही. शेवटी जे उपयोगी पडले ते सर्वांत कंटाळवाणे होते. त्या भागात टिलर पूर्ण बंद. कापणीनंतर माती वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी, असताना फोकने, म्हणजे लांब दातांच्या लोखंडी काट्याने, ती सैल करायची, मूळ हाताने चाचपत त्याच्या शेवटापर्यंत जायचे आणि ते न तोडता काढायचे. काढलेली मुळे नालीत टाकायची नाहीत. रस्त्याच्या कडेला खडकावर वाळवायची आणि मग जाळायची. उघाडीच्या झडपेतून झिरपणारे खारे पाणी बंद करायचे, कारण ते तिला मानवते आणि भाताला नाही. पावसाचे गोडे पाणी शेतात साठवून मातीतला खार धुऊन काढायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नवे पान दिसले की त्याला मोठे होऊ द्यायचे नाही; पानाने पोसले नाही तर मूळ हळूहळू थकते. फूल तर येऊच द्यायचे नाही.

मी जवळजवळ प्रत्येक सुट्टीला रोह्याहून जाऊ लागलो आणि त्याच्या शेतात फोक घेऊन वाकू लागलो. पत्नी एकदा भाकरी बांधताना म्हणाली, "आपल्या शेतात कधी इतकं वाकलात नाय. त्या भाईनं काय जादू केली काय तुमच्यावर?"

"शेजारधर्म," मी म्हणालो.

"व्हय गो बाई, शेजारधर्म," ती स्वतःशीच म्हणाली. "काल रात्री झोपेत दात खात होतात तुम्ही. तो पन शेजारधर्म काय?"

गाव मात्र माझे गुण गाऊ लागले. ज्या म्हाताऱ्याने बांधावर टोमणा मारला होता तो म्हणाला, "काकांचा लेक शोभतोस हां आता." हे शब्द ऐकण्यासाठी मी आयुष्यभर जळत राहिलो होतो, ते मिळाले आणि तोंडात माती गेल्यासारखे झाले. भाभी दुपारी तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी घेऊन यायच्या आणि पहिली भाकरी मला वाढायच्या. "ह्यांच्या भावाबहिणींनी सुद्धा येवढं केलं नाय," असे म्हणायच्या.

पश्चात्तापाने मत्सर जातो असे मला वाटत होते. तसे झाले नाही. मी मुळे उपटत असे आणि शेजारी वाकलेल्या भाईकडे पाहून मला वाटे, हा चिडत का नाही? मूळ तुटले तरी "राहिला तुकडा, पुन्हा येईल, पुन्हा काढू," एवढेच म्हणतो. त्याच्या त्या शांतपणाचासुद्धा मला हेवा वाटे. त्याला रात्री झोप लागते, मला लागत नाही, याचाही.

एका वर्षी मारांडी मधल्या बारीक बांधाखालून माझ्या शेतात आली. ते कोंब पाहून मला सुटल्यासारखे वाटले. आता आम्ही सारखे झालो, असे काहीतरी. दुसऱ्या सुट्टीला मी पोहोचलो तेव्हा भाई आपले शेत सोडून माझ्या शेतात गुडघ्यावर बसला होता आणि माझी मुळे काढत होता. "तुझ्यात थोडी हाय," तो म्हणाला, "आधी ही संपवू. माझी हायच." त्या दिवशी मी बोलायला हवे होते. मी फोक उचलला.

यंदा मारांडी बरीच आटोक्यात आली. परंतु मधल्या वर्षांत त्या शेताने त्याच्या घराला पुरेल एवढा तांदूळ एकदाही दिला नाही. गेल्या महिन्यात आखातातल्या त्याच्या जुन्या मालकाने दुकानावर बोलावले आणि त्याने होकार दिला. मला हे भाभींकडून कळले. "ह्या वयात जातायत," त्या म्हणाल्या, "मी काय बोलू? शेतानं दिलं नाय, त्याला काय करायचं?" त्या रडत नव्हत्या; पदराने उगाचच हात पुसत होत्या.

जाण्याच्या आधीच्या आठवड्यात भाईने मला उघाडीपाशी बोलावले. ओहोटी होती. भाभीही आल्या होत्या. झडपेवर चढलेला गाळ त्या काठीने काढत होत्या. भाई म्हणाला, "कंपनीतून पुढच्या वर्षी सुटतोयस ना तू? तोवर उघाडीला बघायला मी कोनाला तरी सांगतो. पन गावाला मी बोललोय, उघाडी आता तुझ्याकडं. काकांची होती, तुझ्याच घरात जाईल. आनि माझ्या शेतात पान दिसलं तर काढत जा. तुझ्याशिवाय मला कोनावर भरवसा नाय."

ज्या गोष्टीसाठी मी हे सारे केले होते ती माझ्यासमोर ठेवली जात होती, आणि ठेवणारा ती प्रेमाने ठेवत होता. मी घेतली असती तर ते खोटे माझ्याबरोबरच संपले असते; कोणाला कधीही कळले नसते. माझ्या मनात ही शक्यता आली, हे मी लपवत नाही. मग भाभींनी काठी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हो म्हना ना. तुमी हाव म्हनून मी ह्यांना सोडतेय."

मी बांधावरच बसलो. भाई घाबरून जवळ आला, "काय रे, चक्कर आली काय?" मी मान हलवली. मग सांगून टाकले.

"भाई, खांड बुजवली त्या दिवशी चिखल मी मारांडीखालचा कापला. मुळं दिसत होती मला. मुद्दाम पुढं दिली. नंतर तू पान दाखवलंस, तेव्हाही मी ओळखलं होतं. कोळसुंदा म्हणून खोटं बोललो, आणि टिलर घाल म्हणालो. काका तुझ्याबरोबर हसायचे, ते मला सहन होत नव्हतं. एवढंच कारण हाय, दुसरं काय नाय. तू चाललायस तो माझ्यामुळं चाललायस. भाभी, तुमचं माणूस मी घरातनं काढलं. उघाडी मला देऊ नका. माझं चुकलं, भाई. लय मोठं चुकलं. मला माफ करा, दोघंही."